वहिवाट

(कॅनडातल्या ग्वेल्फमधल्या मराठी मंडळींच्या स्मृती-व्याख्यानमालेतलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून मजकूर थोडा आवरला आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी जमतो त्यांचं नाव पत्रिकेवर छापायचं नाही, ही त्यांच्या घरच्यांची अट आहे. म्हणून मीही त्यांना काकाच म्हणणार. तसंही ग्वेल्फमध्ये त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही. काका सेवादलातले, साने गुरुजींच्या गोष्टी ऐकत वाढलेले. मी उजव्या विचारांची, त्यात एका मराठी दैनिकात पंधरा वर्षं उपसंपादक म्हणून काढलेली, म्हणजे वाद घालायची पगारी सवय लागलेली. त्यांच्या दारात बर्फाचे बूट काढत असताना आतून आवाज यायचा, "या, हुजूरपक्ष!"

तरुणांसाठी सांगते. जुनी मराठी वर्तमानपत्रं ब्रिटनमधल्या कंझर्व्हेटिव्ह पक्षाला हुजूरपक्ष म्हणत आणि लेबर पक्षाला मजूरपक्ष. ज्या कुणाला हे यमक सुचलं त्याला माझा नमस्कार. एका शब्दात त्यानं बाजू घेतली आणि वर भाषांतर केल्याचं पुण्यही पदरात पाडून घेतलं.

'कंझर्व्हेटिव्ह'ला मराठीत अजून धड शब्द मिळालेला नाही. सनातनी, कर्मठ, प्रतिगामी, पुराणमतवादी. कोश उघडा, प्रत्येक शब्दाच्या कपाळावर शिक्का मारलेला आहे. इथं ऑन्टॅरिओत मात्र सत्तेवरचा पक्ष तेच नाव पाटीवर लावून निवडून येतो. पाटीवरचं पूर्ण नाव आहे प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह. मराठीत म्हणून बघा: पुरोगामी प्रतिगामी! मी या देशात आले तेव्हा पहिले सहा महिने हा छापखान्याचा विनोद असेल असंच मला वाटत होतं. त्यामागे गोष्ट आहे. १९४२ साली विनिपेगच्या अधिवेशनात जॉन ब्रॅकन या मॅनिटोबाच्या प्रोग्रेसिव्ह मुख्यमंत्र्यांना कंझर्व्हेटिव्ह पक्षानं नेतेपद देऊ केलं. 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द पक्षाच्या नावात आला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. पक्षानं मान्य केलं. पुढच्याच वर्षी ऑन्टॅरिओत हा जोडनावाचा पक्ष सत्तेवर आला आणि बेचाळीस वर्षं, १९८५ पर्यंत, हलला नाही.

१९४३ साली तो सत्तेवर आणणारे जॉर्ज ड्र्यू ग्वेल्फचे. जन्म इथलाच, १८९४ सालचा. प्रांताचे मुख्यमंत्री होण्याच्या कितीतरी आधी, १९२५ मध्ये, ते या गावचे महापौर होते. आधी गल्लीतला खड्डा, मग प्रांताचा कारभार, अशी ती चढण होती. आज मला जे सांगायचं आहे ते या चढणीबद्दल आहे. ती पहिली पायरी आमच्याच माणसांनी उखडून काढली. इथंही आणि महाराष्ट्रातही. आमच्याच म्हणजे उजवीकडच्या. दुसऱ्यांच्या चुका सांगायला दुसरे पुष्कळ आहेत.

काका मला विचारायचे, "तुला जपायचंय तरी काय? सांग ना एकदा." मी देव, देश, कुटुंब अशी यादी सुरू केली की ते चहा ओतायला उठायचे. एके दिवशी मी म्हटलं, "वहिवाट." ते पुन्हा खाली बसले.

वहिवाट हा शब्द शेतकऱ्यांच्या घरातल्यांना समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेताकडे जाणारी पायवाट. नकाशावर कित्येकदा ती नसते. आजा गेला, बाप गेला, बैल गेले, म्हणून आपण जातो. शेजाऱ्यानं काटे टाकले तर तहसीलदाराकडे जाता येतं. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा त्यासाठीच आहे, आणि अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ही मुदत ठेवणारा शहाणा माणूस होता. दोन पावसाळे कुणी चाललं नाही की वाटेत बाभळी येतात. तिसऱ्या वर्षी शेजारी नांगर घालतो. मग कागद काहीही म्हणो, वाट गेलेली असते.

राजकारणातलं बहुतेक सगळं मोलाचं असंच आहे. ते चालण्यानं टिकतं.

आता इथलं बघा. १९९५ साली माइक हॅरिस यांचं सरकार आलं. आमचं सरकार. कर कमी करणार, सरकारी पसारा आवरणार. मी तेव्हा इथं नव्हते, पण असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. या सरकारनं गावांच्या कारभाराला हात घातला. प्रांतात आठशेच्या वर नगरपालिका आणि ग्रामसंस्था होत्या. काही वर्षांत त्या साडेचारशेच्या आत आल्या. टोरोंटो भागातल्या सहा नगरपालिका मोडून १ जानेवारी १९९८ पासून एकच केली. आधी लोकांना विचारलं होतं. मार्च १९९७ च्या त्या कौलात तीन चतुर्थांश लोकांनी नको म्हटलं. सरकारनं ऐकून घेतलं आणि कायदा केला. ज्या पक्षाच्या नावातच 'जपणं' आहे त्यानं दीडशे-दीडशे वर्षांच्या ग्रामसभा काही वर्षांत निकालात काढल्या. कारण काय, तर काटकसर.

वीस वर्षांनी त्याच पक्षाचे डग फोर्ड मुख्यमंत्री झाले. २०१८ च्या उन्हाळ्यात टोरोंटोच्या नगरसभेची निवडणूक तोंडावर होती. उमेदवारांचे अर्ज भरून झाले होते, माणसं दारोदार फिरत होती. त्या ऐन प्रचारात त्यांनी सत्तेचाळीस प्रभागांचे पंचवीस केले. खालच्या कोर्टानं कायदा फेटाळला तेव्हा घटनेतलं कलम ३३ वापरून कोर्टालाच बाजूला सारायची तयारी त्यांनी दाखवली. पुढं अपील कोर्टानं स्थगिती दिल्यामुळे तेवढं करावं लागलं नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. निकालाचा आशय कोरडा आहे: कॅनडाच्या घटनेत नगरपालिकेला स्वतःचं स्थान नाही, ती प्रांताच्या कायद्यानं जन्मते आणि प्रांताच्या कायद्यानं तिला आकार मिळतो. निकाल कायद्याला धरून असेल. मला वकिली कळत नाही. पण खेळ अर्ध्यावर आला असताना गोलपोस्ट उचलून नेणाऱ्याला आमच्या गल्लीत काय म्हणत ते मला ठाऊक आहे. ते इथं सांगण्यासारखं नाही.

मग 'स्ट्राँग मेयर', बलदंड महापौर. आधी टोरोंटो आणि ओटावा, आणि २०२३ च्या जुलैपासून आपलं ग्वेल्फ. दहा वर्षांत पंधरा लाख घरं बांधायची हे सरकारचं उद्दिष्ट, त्यातली अठरा हजार ग्वेल्फच्या वाट्याची. सभा वेळ लावतात म्हणून अधिकार एका माणसाकडे. अर्थसंकल्प महापौर मांडणार. प्रांताच्या प्राधान्यक्रमाच्या आड येणारा सभेचा ठराव महापौर नाकारू शकणार, आणि तो नकार उलटवायला दोन तृतीयांश मतं लागणार. प्रांताच्या प्राधान्यक्रमात बसणारा उपविधी असेल तर एक तृतीयांशाहून थोडी जास्त मतंही पुरणार. ग्वेल्फच्या सभेत सहा प्रभागांचे बारा नगरसेवक आणि महापौर, असे तेरा जण. तेराचा एक तृतीयांश काढा. महापौरांचा स्वतःचा धरून पाच हात वर झाले की काम झालं. आठ जण नको म्हणत बसले तरी चालेल. पाच म्हणजे आठापेक्षा मोठे, हे गणित मी शाळेत शिकले नव्हते.

इथं माझी खरी अडचण आहे आणि ती लपवणार नाही. २०२४ मध्ये महापौर कॅम गथ्री यांनी हेच अधिकार वापरून प्रशासनाला लेखी सांगितलं की पुढच्या वर्षीची करवाढ चार टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. मी घरमालक आहे. घरपट्टीचं बिल फ्रीजवर चिकटवून रोज सकाळी बघणाऱ्यांपैकी आहे. त्या आदेशातला प्रत्येक शब्द मला पटला. आणि तरीही तो आदेश निघायला नको होता. तेरा जणांना पटवून चार टक्के आणले असते तर पुढचा महापौर ते सहज आठ करू शकला नसता. एका सहीनं आलेली काटकसर दुसऱ्या सहीनं जाते. आज आपल्या आवडीचा माणूस आहे म्हणून खुर्चीचे पाय उंच करून घेतले, तर उद्या त्याच खुर्चीवर कोण बसेल याचा विचार करणं, हेच तर आमच्या पंथाचं काम होतं! ते काम इथं डाव्यांनी केलं. काका त्यावेळी सभागृहाच्या प्रेक्षक-बाकावर थर्मास घेऊन बसले होते. घरी येऊन म्हणाले, "हुजूरपक्ष, तुमची ड्यूटी आज आम्ही केली."

शाळांचंही तेच. २०२५ मध्ये प्रांतानं टोरोंटो, ओटावा आणि आणखी काही ठिकाणच्या शाळा-मंडळांवर देखरेख करणारे अधिकारी नेमले. निवडून दिलेले विश्वस्त नावापुरते उरले. आता, काही मंडळांनी पैसे उधळले होते हे खरंच आहे. पण सरकारी नेमणुकीला 'सुपरव्हायझर' म्हटलं की इथल्या माणसाला काही वाटत नाही. मराठी माणसाच्या कानाला मात्र लगेच ओळखीचा शब्द ऐकू येतो: प्रशासक.

प्रशासक म्हणजे काय हे इथं बसलेल्यांपैकी ज्यांचं घर अजून तिकडे आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर २०२० च्या उन्हाळ्यापासून, कोल्हापूर त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून, मुंबई आणि पुणे मार्च २०२२ पासून. महापालिकांच्या मुदती संपत गेल्या, निवडणुका झाल्या नाहीत. मुंबई-पुण्याच्या मतदारानं फेब्रुवारी २०१७ मध्ये नगरसेवक निवडला, त्यानंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला. त्या एका दिवशी राज्यातल्या एकोणतीस महापालिकांचं मतदान झालं. सुप्रीम कोर्टानं ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं होतं, नंतर पुन्हा मुदत वाढवून दिली, तेव्हा कुठं हे घडलं. कोल्हापूरकरांनी आधीचं मत २०१५ च्या नोव्हेंबरात दिलं होतं. त्या साली जन्मलेलं पोर आता हायस्कुलात आहे.

कारणं होती. करोना होता. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होता आणि तो सुटल्याशिवाय निवडणूक नको, हे म्हणणं मलाही रास्त वाटतं. पण त्याच प्रश्नावरच्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला, आणि त्यानंतरही साडेतीन वर्षं गेली. मधल्या काळात काय चाललं होतं? मुंबईचे प्रभाग एका सरकारनं २२७ चे २३६ केले, दुसऱ्यानं २३६ चे पुन्हा २२७ केले, मग त्यावर कोर्टकज्जे. ठाकरे, शिंदे, फडणवीस, तीन मुख्यमंत्री झाले. एकमेकांचे पक्ष फोडण्यात ज्यांनी रात्रीचे दिवस केले त्या सगळ्यांचं एका बाबतीत एकमत होतं: घाई नको. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा. तो आयुक्तांनी मांडला आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केला. मांडणारा हात आणि मंजूर करणारा हात एकाच खांद्याचा. एवढी काटकसर तर हॅरिसनाही जमली नव्हती.

माझ्या माहेरच्या शहरातली गोष्ट सांगते, शहराचं नाव राहू द्या. भावाच्या गल्लीतलं गटार पावसाळ्यात उलटं वाहतं. पूर्वी अशा वेळी चार घरची माणसं सकाळी नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन बसायची. तो दात घासत बनियनवर बाहेर यायचा, शिव्या खायचा, चहा पाजायचा आणि दुपारपर्यंत सक्शनची गाडी यायची. यात पैसे खाणं नव्हतं असं मी म्हणत नाही. तो ओटा कसा बांधला गेला हे गल्लीला ठाऊक होतं. पण ओटा होता. नंतर ॲप आलं. भावानं फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी फोनवर संदेश आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' तेव्हा तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं मला तो संदेश पाठवला आणि खाली लिहिलं, 'ताई, कुणाच्या ओट्यावर जाऊ?'

आता या दोन देशांची गाठ घालते, कारण मला सगळ्यात जास्त छळतं ते इथंच. भारतानं १९९२ साली चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती केली. घटनेत कलम २४३-यू आलं. पालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, मध्येच बरखास्ती झाली तर सहा महिन्यांत. याहून पक्का कागद जगात फार थोड्या नगरपालिकांच्या हातात असेल. इथं कॅनडात असं काहीही नाही. सुप्रीम कोर्टानं तसं स्पष्टच सांगितलं. आणि तरी ऑन्टॅरिओत दर चार वर्षांनी ऑक्टोबरात पालिकांच्या निवडणुका होतात. करोनानंतर २०२२ मध्येही झाल्या. फोर्ड यांनी २०१८ मध्ये प्रभाग उडवले, पण निवडणुकीची तारीख २२ ऑक्टोबर होती ती २२ ऑक्टोबरच राहिली. ती हलवावी हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही. तिकडे कागद आहे, पण वाट मोडली. इकडे कागद नाही, आणि वाट अजून चालती आहे, काटे टाकून झाले तरी. घटना लिहिणाऱ्यांचा आदर ठेवून सांगते, वहिवाट कागदाहून जुनी असते आणि बरेचदा चिवटही.

काका इथं मला थांबवायचे. गाव, ओटा, वहिवाट हे सगळं गोड शब्दांत सांगू नकोस म्हणायचे. वहिवाटीनंच माणसांना पाण्यापासून लांब ठेवलं होतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याच्या गुणगानाची जी झाडाझडती घेतली ती वाचून ये, मग बोल.

वाचलेलं आहे. आणि उत्तर देते, पण ते महाडवरूनच दिलं पाहिजे, कारण महाड सोडून दिलेलं उत्तर पळपुटं होईल. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई इलाख्यातली सार्वजनिक पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली झाली. पुढच्याच वर्षी, १९२४ च्या जानेवारीत, महाड नगरपालिकेनं आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. आधी ठराव नगरपालिकेचा! सुरेंद्रनाथ टिपणीस त्यात पुढं होते. तीन वर्षं तो ठराव कागदावर राहिला. पाण्याला कुणी हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्याकडे चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. खटला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला, निकाल १९३७ मध्ये लागला.

ही गोष्ट मी दोन तऱ्हांनी वाचली आहे. वयाच्या पंचविशीत मला त्यात गावकीची नीचता तेवढी दिसायची. ती आहेच. आमच्या पंथाचे लोक त्या वेळी तळ्याच्या कोणत्या काठाला उभे होते हे मला माहीत आहे, आणि जपण्याच्या गप्पा मारणाऱ्यानं हे आधी कबूल केल्याशिवाय तोंड उघडू नये. पण पुढं लक्षात आलं, की नगरपालिका होती म्हणून ठराव झाला, ठराव झाला म्हणून तो मागं घेताना कुणाकुणाचे हात वर गेले ते नोंदलं गेलं, आणि ते नोंदलं गेलं म्हणून आज आपण महाडकरांना जाब विचारू शकतो. तेच तळं कलेक्टरच्या एका हुकमानं बंद राहिलं असतं तर फक्त फाईल उरली असती. आणि २० मार्चचं चालणं? कागदावरची वाट चालून खरी करण्याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. वहिवाट पाडणं म्हणतात ते हेच. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तू आमच्या शिबिरात येऊन सांग." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, १८७६ ते १८८२. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा ते म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला. बाकी सगळे ठरावाच्या बाजूनं. विरोधात एकटे फुले. ठराव अर्थात मंजूर झाला. उजव्या बाईनं फुल्यांचं उदाहरण द्यावं याचं कुणाला नवल वाटेल, पण मला सांगा, सरकारी पाहुण्यावर करदात्याचा पैसा उधळू नका, यापेक्षा जास्त कंझर्व्हेटिव्ह वाक्य कोणतं? आणि तो एकट्याचा नकार आज आपल्यापर्यंत पोचला कारण तो सभेत दिला गेला होता. प्रशासकाच्या खोलीत एकटा फुले कुठं बसणार? तिथं खुर्ची एकच असते.

पैशावरून आठवलं. याबद्दल लांब बोलणार नाही, कारण आमची माणसं यावर इतकं बोलतात आणि इतकं उलटं वागतात की लाज वाटते. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना महिना दीड हजार, विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. ऑन्टॅरिओत २०२५ च्या सुरुवातीला माणशी दोनशे डॉलरचे चेक, मतदान २७ फेब्रुवारीला. २०२२ च्या निवडणुकीआधी गाडीच्या नंबरप्लेटच्या स्टिकरचे पैसे परत आले होते. एका राज्याचं कर्ज नऊ लाख कोटी रुपयांच्या वर, दुसऱ्याचं चारशे अब्ज डॉलरच्या वर. दोन्हीकडे स्वतःला उजवं म्हणवणारी सरकारं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्या दीड हजारांनी आधार होतो, हे मी बघितलं आहे आणि तिच्या हातून ते काढून घ्या असं मी म्हणणार नाही. दोनशे डॉलरचा चेक मात्र माझ्याही घरी आला होता. मला कोणता आधार हवा होता? काका म्हणाले, वटव आणि ग्रंथालयाला दे. मी वटवला. ग्रंथालयाला दिले की नाही ते विचारू नका.

आता बातमीकडे येते, ते माझं घर आहे. 'ग्वेल्फ मर्क्युरी' हे इथलं दैनिक. १८६७ पासून रोज निघत होतं, कॅनडा देश म्हणून जन्मला त्याच वर्षापासून. २९ जानेवारी २०१६ ला त्याचा शेवटचा छापील अंक निघाला. उरलेलं साप्ताहिकही २०२३ च्या सप्टेंबरात छापणं थांबलं. त्याआधीच्या महिन्यात, १ ऑगस्टपासून, फेसबुकनं कॅनडातल्या लोकांना बातम्या दाखवणं बंद केलं, कारण संसदेनं बातमीचे पैसे द्या असा कायदा केला होता. त्या कायद्याला माझा विरोध होता आणि फेसबुकलाही आहे. एकूण परिणाम असा, की मुंबईत कोणता आमदार कोणत्या हॉटेलात उतरला आहे हे आपल्या व्हॉट्सॲपवर मिनिटामिनिटाला येतं, आणि आपल्या प्रभागाचे दोन नगरसेवक कोण हे या सभागृहातल्या किती जणांना सांगता येईल? हात वर करा म्हणत नाही. मागच्या वर्षी एका घरगुती गणपतीत विचारलं होतं, आरतीपेक्षा शांतता जास्त झाली.

बातमीच्या जागी खोटं आलं की काय होतं ते ग्वेल्फनं फार आधी बघितलं आहे. २ मे २०११ च्या संघीय निवडणुकीच्या दिवशी इथल्या हजारो मतदारांचे फोन वाजले. तुमचं मतदान केंद्र बदललं आहे, असं एक यांत्रिक आवाज सांगत होता. केंद्र बदललेलं नव्हतं. फोनचा करार 'पिएर पूटिन' अशा थट्टेच्या नावानं घेतलेला निघाला. पुढं २०१४ मध्ये एका तरुण कार्यकर्त्याला शिक्षा झाली, नऊ महिन्यांची कैद. तो आमच्याच पक्षाच्या उमेदवाराचं काम करत होता. मतदाराला चुकीच्या वाटेनं पाठवणं, हे काम वाट जपणाऱ्यांच्या छावणीतून झालं. मी त्यावर तेव्हा एक ओळही लिहिली नाही. एवढं तरी लिहायला हवं होतं.

आमच्या बाजूचं भाष्य म्हणजे आज काय झालं आहे? रात्री नऊ वाजता कुणीतरी ओरडतं, सकाळी आपण ते पुढं ढकलतो. पंधरा वर्षं मथळे देऊन मी एक गोष्ट शिकले: ज्या बातमीत आपल्याला करण्यासारखं काही नसतं, तिचाच मथळा सगळ्यात मोठा असतो. पूर्वी असं नव्हतं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ च्या सुमारास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तेव्हा ती जबाबदारी उचलायला माणसं तयार होती. टिळकही पुण्याच्या नगरपालिकेत बसले, गोखलेही. दोघांचं कशावरच एकमत नव्हतं असं आपण शाळेत शिकलो. पण गटाराचा ठराव वाचायला दोघांनाही कमीपणा वाटला नाही. आणि आपण? ग्वेल्फचं सिटी हॉल कार्डन स्ट्रीटवर, रेल्वे स्टेशनच्या समोर आहे. बर्फ असला तरी गाडी लावायला जागा मिळते. प्रेक्षकांचे बाक मोकळे असतात. काकांचा थर्मास मी आणलेला आहे, ज्यांना हवा त्यांनी न्यावा.

ज्यांच्याकडे अजून कायम रहिवाशाचं पीआर कार्डच आहे त्यांना मतदान करता येत नाही. सभेपुढे बोलायला मात्र नाव नोंदवता येतं. जे नागरिक आहेत त्यांच्यासाठी तारीख सांगते, लिहून घ्या: सोमवार, २६ ऑक्टोबर २०२६. आणि ज्यांना मत देण्यापुरतंच थांबायचं नाही त्यांच्यासाठी दुसरी: उमेदवारी अर्ज शुक्रवार २१ ऑगस्टला दुपारी दोन वाजेपर्यंत. डावे असाल तरी भरा, मी तुमच्याविरुद्ध प्रचार करीन. नगरसेवकाच्या अर्जाला शंभर डॉलर अनामत आणि मतदारांच्या पंचवीस सह्या लागतात. या खोलीत आत्ता पंचवीसहून जास्त माणसं बसलेली आहेत.